शेरीफचा पोल्का

शेरीफ नाचतो, ही बातमी नाताळापर्यंत ओस्लुंड गावात घरोघर पोचली होती.

शेरीफ म्हणजे तूवाचं कासव. तळहाताएवढं, पाठ काळसर हिरवी, आणि कडेकडेने कुणी सवडीने बसून बारीक कुंचल्याने लाल रेघा ओढल्यात असं वाटावं. आपल्या काचेच्या पेटीत एक बाजू वर उचलून ते पाण्यावर गोल गोल फिरायचं. आजोबा जुन्या टेपवर पोल्का नाचाची धून लावायचे आणि सहा वर्षांची तूवा टाळ्या पिटायची. नाताळच्या जेवणाला आलेली मंडळी लोणी-साखर लावलेली लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, हातात धरून पडवीत दाटीने उभी राहिली होती. "अगं बाई, तालावर फिरतंय की!" असं म्हणत सगळ्यांनी फोन बाहेर काढले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत तूवाची आई ब्रिटाही होती.

जानेवारीतल्या त्या सकाळी ब्रिटा पडवीची फरशी पुसत होती. बाहेर उजाडल्यापासून बर्फ पडत होतं. तूवाची शाळा बंद होती, आणि नवरा, केल, रस्त्यावरचं बर्फ उपसायची मोठी गाडी घेऊन केव्हाच कामावर गेला होता. पुसत पुसत ती पेटीजवळ आली, वाकली, आणि तिला तो आवाज आला.

अगदी बारीक. शिट्टी म्हणावी तर शिट्टी नाही. ओल्या बुचाच्या फटीतून हवा निसटावी तसा. एकदा आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा.

तिच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. हा आवाज ओळखायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तूवाला दमा होता. पोर जन्मल्यापासून ही बाई तिच्या छातीला कान लावून जगत आली होती. खाली भांडी घासताना वरच्या खोलीत श्वास अडला तरी नळ बंद करून जिना चढायला लागणारी. पण कासवाच्या श्वासालाही आवाज असतो, हे तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं. मग आजच का ऐकू यावा?

ती गुडघ्यांवर बसली. शेरीफ पाण्यावर तरंगत होता. डावी बाजू वर, उजवी बुडालेली, माल एकाच अंगाला भरलेल्या होडीसारखा. मान ताणलेली, तोंड उघडं. नाकाशी एक बुडबुडा फुगला आणि न फुटता तिथेच चिकटून राहिला.

"जांभई देतोय," मागून तूवा म्हणाली. अंगात झोपायचे कपडे, पायात लाल मोजे. "खूप जांभया देतो तो. नाचून नाचून दमतो ना!"

"आजच देतोय?"

"छे! काल पण. परवा पण."

"तूवा, काचेवर बोट फिरव बरं. उन्हाळ्यात फिरवायचीस तसं."

तूवाने बोट फिरवलं. उन्हाळ्यात हे बोट दिसलं की शेरीफला वेड लागायचं. सरळ पोहत काचेशी यायचा, पुढच्या पंजांची लांब नखं तोंडापुढे थरथरवायचा. बोट डावीकडे गेलं की हा डावीकडे, बोट खाली गेलं की सुळकन बुडी. लाल मोजा दिसला तर काचेलाच चावे घ्यायचा आणि तूवा हसून हसून लोळायची.

आता बोट फिरत होतं आणि शेरीफही फिरत होता, पण बोटाबरोबर नाही. तो बोटाकडे बघत नव्हता, मोज्याकडे बघत नव्हता, कुणाकडेच बघत नव्हता. खाली जायला पाय मारत होता. वर उचललेली बाजू त्याला खाली जाऊ देत नव्हती. आणि त्या झटापटीत त्याचं अंग आपोआप गरगरत होतं.

ब्रिटाला आता उमगलं. हा बुडी मारायला धडपडत होता. आणि आपण सगळे टाळ्या वाजवत होतो.

दारात बूट आपटल्याचा आवाज झाला. सासरा आला होता, तूवाचा आजोबा अर्व्हिड. रोज या वेळेला कॉफीला यायचाच.

ओस्लुंडमध्ये कासव म्हटलं की अर्व्हिडचं नाव निघे. उन्हाळ्यात दर बुधवारी गावच्या मोठ्या रस्त्यावर कासवांच्या शर्यती लागत. अर्व्हिड खडूने मोठं रिंगण काढायचा, पोरं तळ्यावरून धरून आणलेली कासवं मधोमध ठेवायची, आणि भोंगा तोंडाला लावून हा ओरडायचा. जे पहिलं रिंगणाबाहेर पडेल ते जिंकलं. शाळा उघडायच्या आत सगळी कासवं परत तळ्यात, हा नियम त्याचाच. आयुष्यात एकदाच मोडला होता त्याने तो, नातीच्या डोळ्यांतलं पाणी बघून. शेरीफ तेवढा घरी राहिला.

"अर्व्हिड, शेरीफ आजारी आहे."

"तुलाही सुप्रभात," टोपीवरचं बर्फ झटकत तो म्हणाला. "कॉफी ठीक आहे ना? की तीही आजारी?"

"चेष्टा नको. त्याच्या छातीत वाजतंय."

"कासवाच्या!" अर्व्हिडने नातीकडे बघून डोळा मारला. "ब्रिटा, पोरी, तुला तर फ्रीजच्या छातीत वाजलेलंही ऐकू येतं."

"तुम्ही नुसते खाली वाकून ऐका."

"काय ऐकू? अगं, झोपेचे दिवस आहेत हे. तळ्यावर ट्रक चालेल एवढं बर्फ धरलंय. त्याच्याखाली चिखलात याचे सगळे भाऊबंद गप पडून आहेत. याला घरात आणला म्हणून याचं रक्त ते विसरेल होय? खात नाही, बरोबर आहे. सुस्तावलाय, तेही बरोबर. मधूनच नाचतो, ती आपली करमणूक."

"झोपलेला असा तोंड उघडून तरंगतो?"

"तुमच्या वाळवंटात कासवं कशी झोपतात, ते बाई मला ठाऊक नाही."

हे ठरलेलं उत्तर होतं. ब्रिटा दक्षिणेकडची, न्यू मेक्सिकोची. जिथे तळं गोठत नाही तिथल्या माणसाला तळ्यातलं काय कळणार, असं या घरात कुणी रागाने म्हणत नसे, हसूनच म्हणत. ऑक्टोबरात तूवाच्या साध्या सर्दीसाठी तिने दवाखाना गाठला होता. डॉक्टरांनी नुसतं गरम सूप द्यायला सांगितलं, आणि मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर त्या सुपाचीच गोष्ट चालली होती. तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं, या हिवाळ्यात आपण घाबरट बाई व्हायचं नाही. नोव्हेंबरात पेटीवरचा ऊब देणारा दिवा गेला तेव्हा अर्व्हिड म्हणाला, "नवा आणू नकोस. पेटी पडवीत ठेव. मिळू दे बिचाऱ्याला त्याचा हिवाळा." ब्रिटाने दुकानात दिवा हातात घेतला होता. उलटसुलट करून बघितला होता. आणि परत फळीवर ठेवला होता.

कान सांगत होते ते न ऐकायला ती मोठ्या कष्टाने शिकली होती, आणि नेमकं तेच नडलं होतं.

तिने फोन उचलला. गावातली जनावरांची डॉक्टर गाई-कुत्र्यांची. "कासव? मी कासवं फक्त रस्ता ओलांडताना बघते गं," ती म्हणाली, पण डुलुथ शहरातल्या एका दवाखान्याचा नंबर तिनेच दिला. तिथल्या बाईंनी चेष्टा केली नाही. एका बाजूला कलतंय का? नाकाशी बुडबुडे? मान लांब करून तोंड उघडतंय? ब्रिटा हो, हो, हो म्हणत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला.

"आजच आणा," बाई म्हणाल्या. "आणि पाण्यातून आणू नका. बुडेल ते."

"बुडेल? कासव?"

"अंगात ताकद नसली की कासवही बुडतं. कोरडं ठेवा, उबेत ठेवा."

ब्रिटाने गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

"या बर्फात?" अर्व्हिडच्या हातातला कप अर्ध्यावरच राहिला. "कासवासाठी? केलला विचारलंस?"

"केलला कळवते."

"कुठेतरी खड्ड्यात जाशील, आणि मग तुला काढायला केललाच यावं लागेल. अगं, झोपलाय तो!"

"आजोबा," तूवा म्हणाली, "तू म्हणतोस झोपलाय. पोल्का लावलास तेव्हा म्हणालास नाचतोय. झोपलेलं कुणी नाचतं का?"

अर्व्हिड उत्तर द्यायला वळला आणि त्याची नजर पेटीवर गेली. शेरीफने पाय मारले, खाली जाऊ शकला नाही, गरगरला, थांबला. नाकाशी बुडबुडा होताच. म्हाताऱ्याने कप ठेवला आणि टोपी डोक्यावर ओढली.

"तुझ्या त्या डबडा गाडीतून नको. ट्रक काढतो."

मासे थंड ठेवायची त्याची पेटी होती, तिच्यात गरम पाण्याची पिशवी घातली, वर टॉवेल, टॉवेलात शेरीफ. ट्रकमध्ये मधे तूवा बसली, कडेला ब्रिटा. पेटी तिच्या मांडीवर, झाकण बोटभर उघडं, आणि त्या फटीला तिचा कान.

अर्व्हिड आधी बोलत राहिला. एका कासवाने शर्यत सोडून दुकानात शिरून काय गोंधळ घातला होता, वगैरे. कुणी हसलं नाही तसा तो गप्प झाला. काचेवरची पाती बर्फ ढकलत होती आणि ढकललेल्या जागी नवं बर्फ येत होतं. गाडी रांगत होती. ब्रिटा ऐकत होती. आवाज यायचा, जायचा. दोन आवाजांमधली शांतता लांबत चालली होती.

मग आवाज आलाच नाही.

तिने वाट पाहिली. आता येईल. आता येईल.

"गाडी थांबवा."

"इथे? मागून कुणी धडकलं तर—"

"थांबवा म्हणते ना!"

अर्व्हिडने गाडी कडेला घेऊन यंत्र बंद केलं. बर्फात इतकी शांतता असते की कानच वाजायला लागतात. ब्रिटाने शेरीफला टॉवेलमधून काढलं. मागच्या पायाला बोट लावलं. पाय आत गेला नाही. तसाच लोंबत राहिला. डोळे सुजून मिटलेले. शेजारी काहीतरी विचित्र वाटलं म्हणून तिने बघितलं तर तूवाने दोन्ही गाल फुगवून श्वास रोखून धरला होता, आवाज ऐकू यावा म्हणून.

"श्वास घे! तूवा, तू श्वास घे आधी!"

तूवाने श्वास सोडला आणि तिला खोकला आला. ब्रिटाचा एक हात पोरीच्या पाठीवर गेला, सवयीने गोल फिरू लागला. दुसऱ्या हातात ते थंड, ओलसर ओझं. तूवासाठी वाफेचं यंत्र होतं, औषध होतं, काही नाही तर चोळायला पाठ होती. याची पाठ दगडाची. हिच्यावर हात फिरवला तरी आत काय पोचणार होतं?

"देवा, काय करू मी याला?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता स्वेटर वर करून तिने शेरीफला सरळ आपल्या उघड्या छातीशी धरलं. अंगावर काटा आला. तळ्याच्या तळाचा वास आला. अर्व्हिडने आपला जाड कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला, गाडी चालू केली, गरम हवा होती तेवढी सोडली आणि नुसत्या शर्टावर, पुढे वाकून, तो गाडी हाकू लागला.

बऱ्याच वेळाने तिच्या कातडीला एक नख लागलं. अगदी हलकं. आणि पाठोपाठ ती शिट्टी.

"आहे," ती म्हणाली. मग डुलुथ येईपर्यंत तिने तो कोट उघडला नाही.

डॉक्टर यांग बुटक्या, झपझप बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरला. कवचाच्या आत एका बाजूला काळी स्वच्छ जागा, दुसऱ्या बाजूला पांढरं धुकं.

"हे धुकं म्हणजे निमोनिया. हवेची बाजू वर उचलली जाते, भरलेली बाजू बुडते. म्हणून तो कलतो. कुठे ठेवला होता?"

"पडवीत," ब्रिटा म्हणाली.

"मी सांगितलं होतं," अर्व्हिड मधेच म्हणाला. "त्याला हिवाळा मिळावा म्हणून."

"पण हिवाळा दिलात कुठे? तळ्याच्या तळाशी गोठायला आलेलं पाणी असतं, तिथे शरीर पुरतं बंद होतं. तुमच्या पडवीत ना धड थंडी, ना धड ऊब. झोप लागली नाही, आणि आजाराशी झुंजायला अंगात गरमीही नाही."

"तळ्यातली तर दर वर्षी वर येतात."

"सगळी?"

अर्व्हिडने शर्टाच्या बाहीचं बटण लावलं, काढलं. "जी वर येतात," तो हळूच म्हणाला, "तेवढीच दिसतात आपल्याला."

डॉक्टरबाईंनी लपवाछपवी केली नाही. उशीर झाला होता. सुया देता येतील, घरीच, पुढच्या पायात, एक दिवसाआड. ऊब हवी, रोज थोडा वेळ उथळ कोमट पाणी. तरीही खात्री नाही. आणि त्याचे हाल नको असतील तर इथेच, आत्ता, शांतपणे संपवताही येईल. असं म्हणून त्यांनी तूवाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला, पण तूवाने ऐकायचं ते ऐकलं होतं.

"ममा, मी टाळ्या वाजवत होते तेव्हा तो मदत मागत होता?"

"नाही गं राणी," अर्व्हिड घाईने म्हणाला, "त्याला काय—"

"हो," ब्रिटा म्हणाली. "मागत होता. आपल्याला कुणालाच कळलं नाही. मलाही नाही."

तूवा रडली नाही. तिने दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"सुया द्या," ब्रिटा डॉक्टरांना म्हणाली. "कशा द्यायच्या ते दाखवा."

पेटी स्वयंपाकघरात आली. दिवा अर्व्हिडने स्वतः आणला, स्वतः बसवला, खाली हात धरून धरून ऊब तपासली. ठरल्या दिवशी दुपारी तो यायचा, कॉफी न मागता हात धुवायचा, शेरीफला दोन्ही हातांत धरायचा आणि ब्रिटा सुई टोचायची. पहिल्यांदा सुई तिरकी लागली आणि अर्धं औषध बाहेरच सांडलं. "होतं असं," अर्व्हिड म्हणाला. त्याच्याकडून एवढंच. शेरीफ काही खात नव्हता. गांडूळ नाही, आवडती कोळंबी नाही. सुई टोचली तरी पाय ओढून घेत नव्हता. ब्रिटा पोळपाटासारखी सपाट होऊन टेबलावर कान टेकायची, ऐकायची, उठायची, स्वयंपाकाला लागायची, पुन्हा येऊन कान टेकायची. केल रात्री घरी आला की आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि विचारायचंच टाळायचा.

मग एका दुपारी सुई लागताच शेरीफ उसळला. चारही पाय झाडले त्याने. एक नख ब्रिटाच्या मनगटावरून गेलं आणि लाल रेघ उमटली. अर्व्हिडच्या हातून तो निसटता निसटता राहिला.

"बघ! बघ बघ बघ!" म्हातारा ओरडला. "शर्यतीत असाच उसळायचा! अगदी असाच!"

त्यांनी त्याला उथळ पाण्यात सोडलं. त्याने मान बाहेर काढली, पुढचे पंजे तोंडाशी आणले आणि नखं थरथरवली. एकदा. तूवा खुर्चीवर उभी राहिली.

"तो खेळतोय? ममा, खेळतोय का? आजोबा?"

अर्व्हिडच्या ओठांवर शब्द आला होता. सगळं आयुष्य त्याने भोंग्यातून निकालच सांगितले होते. पण त्याने तोंड मिटलं आणि सुनेकडे बघितलं.

"तू ऐक," तो म्हणाला.

ब्रिटाने शेरीफला उचललं, कानाशी धरलं आणि डोळे मिटले. नळ ठिबकत होता, तो अर्व्हिडने आवळला. तूवा श्वास घेत होती, नीट, मोकळा. त्याच्याही अलीकडे, कवचाच्या आत, एक आवाज. तिने कासव फिरवून दुसरी बाजू कानाला लावली. पुन्हा फिरवली. तिला हवं होतं ते ऐकू यावं म्हणून तिने फार वेळ लावला. ते आलं नाही.

"आता दुसऱ्या बाजूनेही वाजतंय," ती म्हणाली. "हा खेळ नाही. श्वासासाठी झटतोय तो. डुलुथला जाऊन औषध बदलायला हवं. आज. उद्यावर टाकलं तर उशीर होईल."

खिडकीबाहेर पुन्हा बर्फ सुरू झालं होतं. तूवा खुर्चीवरून उतरली आणि टॉवेल आणायला गेली. "नक्की का?" असं अर्व्हिडने विचारलं नाही. तो दारामागे वाकून आपले बूट शोधत होता.